रिस्टोर न केलेली मसल कार: अस्सल किती, मोलाची किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा पूर येतो. १९९५ पासून हे चालू आहे. या भागात मोटार कंपन्यांत नोकरी करणारी मराठी मंडळी पुष्कळ, त्यामुळे नंतरचे काही आठवडे गणपतीच्या आरतीनंतरही गप्पा गाड्यांच्याच. ‘अशी एक घ्यावी म्हणतोय’ इथून सुरुवात होते आणि ‘पण ती ओरिजिनल आहे हे ओळखायचं कसं?’ इथे गाडी अडते. त्या गप्पांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळं १९६४ ते १९७२ या काळातल्या अमेरिकी गाड्यांबद्दल आहे.

मसल कार नेमकी कशाला म्हणायचं?

मधल्या आकाराची, दोन दारांची, साधी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन बसवायचं. पॉन्टिॲकने १९६४ साली टेम्पेस्ट ल मॅन्समध्ये ३८९ घनइंचाचं इंजिन घालून जीटीओ काढली आणि लाट आली. फोर्डची मस्टँग, शेव्हरोलेची कमॅरो, क्रायस्लरची बाराकुडा या खरं तर जरा धाकट्या जातीच्या, पण मोठं इंजिन असलेल्या याही गाड्या आज याच पंक्तीत बसतात. पुढे विम्याचे हप्ते भडकले, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७१ पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरलं आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलासुरला जोर काढला. त्यानंतर या गाड्या कवडीमोलाने विकल्या गेल्या. कॉलेजच्या पोरांनी त्या भरधाव हाकल्या, ठोकल्या, इंजिनं फोडली, मनाला येईल तो रंग मारला. न बदललेली गाडी आज दुर्मिळ आहे ती यामुळे.

‘रिस्टोर न केलेली’ म्हणजे कोणी हातसुद्धा न लावलेली?

नाही. टायर, बॅटरी, पट्टे, प्लग, ब्रेकचे लायनर, सायलेन्सर बदललेले असणारच, आणि ते कोणी उणे धरत नाही. बघायचं ते रंग, पत्रा, आतली सीटं-अस्तर, इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि काचा. यांतलं किती कारखान्यातून आलं तसंच आहे? इलिनॉयमध्ये १९७३ साली सुरू झालेल्या ब्लूमिंग्टन गोल्ड या कॉर्व्हेटच्या (शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारच्या) मेळाव्याने ‘सर्व्हायव्हर’ हा वर्ग रूढ केला. गाडी वीस वर्षांहून जुनी हवी, ती रस्त्यावर चालवून दाखवायची आणि निम्म्याहून अधिक मूळ अवस्थेत हवी. शिवाय तिच्याकडे बघून दुसरी गाडी रिस्टोर करता येईल इतपत ती शाबूत हवी. ही शेवटची अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. तिच्यामुळे नुसती गंजलेली गाडी आणि जपलेली गाडी यांच्यात फरक करता येतो.

रंगवून चकाचक केलेली गाडी जास्त सुंदर दिसते. मग विटक्या रंगाचीला जास्त पैसे का?

कारण चकाचक गाडी काय होती ते सांगतो रिस्टोर करणारा, आणि विटक्या रंगाची स्वतःच सांगते. जुन्या वाड्याच्या सागवानी खांबांना कुणी ऑइलपेंट फासला की खालची नक्षी, करवतीच्या खुणा, सुताराचा हात सगळं झाकलं जातं. इथेही तेच होतं.

त्या काळचे कारखाने काही देखणी कामं करत नव्हते. मिनिटाला एक या वेगाने गाड्या बाहेर पडत. रंगाला संत्र्याच्या सालीसारखी खडबड असे, कडांना ओघळ, दाराच्या बिजागरीमागे अर्धवट फवारा, डिकीत कसाबसा मारलेला हात. तपासनीस खडूने किंवा रंगाच्या ब्रशाने फटकारे मारत. ॲक्सलवर एक रंगीत पट्टा, स्टिअरिंगच्या दांड्यावर दुसरा. आज लाखभर डॉलर खर्चून रिस्टोर केलेल्या गाड्यांवर या खुणा मुद्दाम काढतात, आणि त्या कुठे होत्या हे कळतं ते न रंगवलेल्या गाड्यांवरूनच. नमुना गेला की नकलेला आधार राहत नाही. शिवाय रिस्टोर केलेली गाडी दहा वर्षांनी पुन्हा रिस्टोर करता येते, पण मूळ रंग एकदा घासून काढला की संपलं.

चॅसी नंबरवरून गाडी खरी मसल कार आहे हे कळतं का?

कंपनीवर अवलंबून आहे, आणि सगळ्यांत जास्त फसवणूक इथेच होते.

क्रायस्लरच्या गाड्यांत कळतं. १९७० च्या हेमी कुडाचा (हेमी इंजिनाच्या जोरदार बाराकुडाचा) नंबर बीएस२३आर०बी असा सुरू होतो. बी म्हणजे बाराकुडा, एस म्हणजे कुडाची वरची श्रेणी, २३ म्हणजे दोन-दारी हार्डटॉप, आर म्हणजे ४२६ घनइंचाचं हेमी इंजिन, ० म्हणजे १९७० आणि शेवटचा बी म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. पाचव्या जागी आर नसेल तर विकणाऱ्याच्या आजीने शपथ घेतली तरी ती हेमी नाही. फोर्डच्या नंबरातही इंजिनाचं अक्षर असतं. १९६९ च्या मस्टँगमध्ये पाचवं अक्षर आर म्हणजे ४२८ कोब्रा जेट, तेही रॅम एअरवालं, म्हणजे बाहेरची थंड हवा थेट आत घेणारं.

शेव्हरोलेत मात्र अंधार. १९६९ च्या व्ही-८ कमॅरो कूपेचा नंबर १२४३७ ने सुरू होतो, मग वर्षाचा ९, मग कारखान्याचं अक्षर (एन म्हणजे ओहायोतलं नॉरवुड, एल म्हणजे कॅलिफोर्नियातलं व्हॅन नाइस) आणि मग सहा आकडी क्रमांक. गाडी झेड/२८ किंवा एसएस या जोरदार प्रकारांतली आहे की साधं ३०७ इंजिन घेऊन कोणा शिक्षिकेला विकली होती, हे यातून कळत नाही. १९६९ ते १९७१ च्या शेव्हेल एसएसचंही तेच. एसएस हा तेव्हा फक्त पर्यायांचा गट होता. पॉन्टिॲक जीटीओ १९६४ आणि १९६५ मध्ये अशीच पर्याय म्हणून आली, १९६६ पासून तिला स्वतःची २४२ ही मालिका मिळाली, आणि १९७२ ला ती पुन्हा पर्याय झाली. १९६९ मध्ये २०,३०२ झेड/२८ बनल्या. रस्त्यावर आज किती ‘झेड/२८’ फिरतात, याचा हिशेब न केलेला बरा.

मग शेव्हरोले खरी की बनवलेली हे कसं ठरवायचं?

नंबर सांगत नाही ते गाडीची जडणघडण सांगते. १९६९ ची झेड/२८ चार गतींच्या हाताच्या गिअरशिवाय मिळतच नव्हती, एअर कंडिशनिंगही मिळत नव्हतं. तेव्हा गाडी झेड/२८ म्हणून दाखवली आणि इंजिनमागच्या पत्र्यावर एसीच्या पाइपांची भोकं बुजवलेली दिसली, तर चहा पिऊन घरी यायचं. पुढचे डिस्क ब्रेक हवेत, मागचा ॲक्सल बारा बोल्टचा हवा. नॉरवुडच्या गाड्यांत डिसेंबर १९६८ पासून इंजिनमागच्या पत्र्यावरच्या पट्टीवर एक्सने सुरू होणारा संकेत असतो. व्हॅन नाइसच्या पट्टीवर तो नसतो. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या गाडीवर एक्स-७७ हा झेड/२८ चा संकेत दिसला तर ती पट्टी कुठून आली, हा पहिला प्रश्न.

‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे काय?

इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर पंच केलेले आकडे गाडीच्या चॅसी नंबराशी जुळणं. लोक हे दोन शब्द सैल वापरतात, म्हणून जरा खोलात जाऊ.

इंजिनावर तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिला ओतीव क्रमांक: तो ब्लॉकच्या साच्यातला, हजारो ब्लॉकवर एकच, म्हणून त्याला फारसा अर्थ नाही. दुसरी ओतकामाची तारीख: महिन्याला ए ते एल अशी अक्षरं, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च १९६९. तिसरा पंच केलेला ठसा: शेव्हरोलेच्या व्ही-८ मध्ये उजव्या, म्हणजे प्रवाशाच्या बाजूच्या, सिलिंडर हेडच्या पुढे एक सपाट पट्टी असते, तिच्यावर कारखाना, तारीख आणि इंजिनाचा प्रकार. ‘व्ही ०४०३ डीझेड’ म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यात ३ एप्रिलला जुळवलेलं झेड/२८ चं ३०२ इंजिन. त्याच्याजवळ किंवा ऑइल फिल्टरपाशी गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग पंच केलेला असतो. जुळायचं असतं ते हे.

यातली गंमत तारखांच्या रांगेत आहे. ब्लॉक १४ मार्चला ओतला, इंजिन ३ एप्रिलला जुळलं आणि बॉडीच्या पट्टीवर ‘०४सी’, म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा. हे पटण्यासारखं आहे. ब्लॉकची तारीख गाडीच्या तारखेनंतरची असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही. सहा-आठ महिने आधीची असेल तर कारण विचारा.

एखाद्या भागाची तारीख बरोबर असली तरी तो मूळचा असेलच असं नाही ना?

बरोबर. ‘त्या तारखेचं इंजिन’ आणि ‘त्या गाडीचं इंजिन’ यांत मोठा फरक आहे, आणि जाहिरातीत पहिल्याला दुसऱ्याचे कपडे घालून उभं करतात. तारखा बाजारातून गोळा करता येतात. कार्ब्युरेटर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, अगदी प्लगच्या वायरींवरही तारीख असते. हे सगळं हौशी लोक वर्षानुवर्षं जमवतात. म्हणून मी आधी काचा बघतो. काचेच्या कोपऱ्यात बनावटीचा संकेत असतो, आणि खोटी गाडी बनवणाऱ्यांपैकी फारच थोडे सगळ्याच काचांच्या तारखा जुळवायच्या भानगडीत पडतात. एक काच वेगळी असेल तर दगड लागला असेल. एका बाजूच्या सगळ्याच वेगळ्या असतील तर त्या बाजूने अपघात झालाय.

इंजिनावरचे आकडे खोटे पंच करता येतात का?

सर्रास. जुना ठसा घासून नवा मारतात. पण कारखान्यात ती पट्टी कापताना तिच्यावर एका दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उठत, आणि ठसा त्या रेघांवर मारला जाई. पट्टी पुन्हा घासली की या रेघा जातात. त्या बनवून देणारे महाभागही आहेत, म्हणून भिंग, तिरपा प्रकाश आणि त्याच कारखान्याच्या त्याच महिन्यातल्या ठशांचे फोटो शेजारी ठेवून बघायचं. अक्षरांची ठेवण, खोली, थोडासा वाकडा बसलेला आकडा. कारखान्याचा कामगार घाईत असायचा. अगदी एका रेषेत, समान खोलीचा ठसा मला उलट संशयास्पद वाटतो.

इंजिनावर ‘सीई’ दिसलं तर घाबरू नका. वॉरंटीत इंजिन फुटलं की शेव्हरोले बदली ब्लॉक देई, त्यावर हे ठोकलेलं असे. किंमत खाली येते, पण तो खोटेपणा नाही. वॉरंटीचे कागद सोबत असतील तर मी अशी गाडी आनंदाने बघेन.

आणि चॅसी नंबरच दुसऱ्या गाडीवरून आणला असेल तर?

तो अमेरिकेत गुन्हा आहे. चॅसी नंबराची पट्टी काढणं, बदलणं किंवा दुसऱ्या बॉडीवर लावणं संघीय कायद्याखाली येतं, आणि पकडली गेली तर गाडी जप्त होऊ शकते. तुम्ही निर्दोष असलात तरी पैसे गेलेच. आज १९६९ च्या कमॅरोची आणि जुन्या मस्टँगची नवीकोरी पूर्ण बॉडी विकत मिळते, त्यामुळे मोह मोठा आहे.

जनरल मोटर्सच्या (शेव्हरोले, पॉन्टिॲक याच कंपनीच्या) गाड्यांत १९६८ पासून ही पट्टी डॅशबोर्डवर फुलाच्या आकाराच्या रिव्हेटांनी बसवलेली असते. साधे पॉप रिव्हेट दिसले तर तिथेच थांबा. त्याशिवाय लपलेले नंबर असतात. कमॅरोत हिटरच्या डब्यामागे आणि काचेखालच्या जाळीच्या आत, क्रायस्लरमध्ये १९६८ पासून रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर आणि डिकीच्या रबराखालच्या कडेवर, फोर्डमध्ये पुढच्या मडगार्डाखाली. अस्सल गाडीचा मालक रबर उचलायला सहसा नाही म्हणत नाही.

कोणते कागद खरे कामाचे?

कंपनीगणिक नशीब वेगळं. पॉन्टिॲक घेणारा भाग्यवान: पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे १९६१ पासूनच्या मूळ बिलांच्या नोंदी आहेत, नंबर कळवला की गाडीसोबत काय काय आलं होतं त्याची प्रत मिळते. फोर्डसाठी १९६७ पासूनची उत्पादनाची नोंद केविन मार्टी यांच्याकडे आहे आणि तिच्यावरून ते देतात तो मार्टी रिपोर्ट नसलेली महागडी मस्टँग आज कोणी गांभीर्याने घेत नाही. क्रायस्लरमध्ये इंजिनजवळच्या मडगार्डावर पत्र्याची संकेतपट्टी असते, आणि त्याहून मोलाचा म्हणजे बांधणीचा कागद: जुळणीच्या रांगेवर कामगारांना दिलेली यादी, जी बहुतेकदा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, गालिच्याखाली किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या वर अडकून राहिली. उंदरांनी कुरतडलेला, तपकिरी पडलेला तो कागद कधी कधी हजारो डॉलर वर चढवतो.

शेव्हरोलेसाठी असं काहीच खात्रीचं नाही. कॅनडात विकलेल्या गाड्यांच्या नोंदी जनरल मोटर्स कॅनडाकडे मिळतात, पण अमेरिकेत विकलेल्यांसाठी तुमच्या नशिबी पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला बांधणीचा कागद, खिडकीवरची किंमतचिठ्ठी, डीलरची पावती, नाहीतर वॉरंटीच्या पुस्तकातली धातूची छोटी पट्टी. या सगळ्यांच्या नकला छापून मिळतात. कागदाची घडी, गंज लागलेल्या पिनेचा डाग, शाई, हे सगळं बघा. कागद गाडीशी जुळतो का हे बघण्याआधी तो कागद पन्नास वर्षांचा आहे का ते बघायचं.

पहिल्या मालकाचं सर्व्हिसचं बुक, शाळेच्या पार्किंगमधला फोटो, विम्याची जुनी पत्रं यांनाही मोल आहे. एकाच घरात राहिलेल्या गाडीचा वारस असेल तर त्याच्याशी निवांत बोला. ‘बाबांनी मडगार्ड कधी बदललं होतं’ हे त्याला आठवतं, आणि ते कुठल्याच कागदावर नसतं.

रंग मूळचा आहे हे कसं ओळखायचं?

रंगाची जाडी मोजणारं यंत्र घ्या, ते आता स्वस्त आहे. कारखान्याचा रंग ढोबळ मानाने ७५ ते १५० मायक्रॉन भरतो. सगळीकडे अडीचशे-तीनशे आले तर गाडी वरून पुन्हा रंगवली आहे. हजाराच्या वर गेलं की खाली पुट्टी. एखाद्या दारावरच जास्त असेल तर तेवढाच भाग रंगवला. बॉनेटच्या मधोमध फारच कमी आकडा आला तर तिथे पॉलिश करून करून रंग झिजलाय, आणि तो एका अर्थी चांगलाच पुरावा.

जनरल मोटर्स तेव्हा ॲक्रिलिक लॅकर वापरत असे, फोर्ड आणि क्रायस्लर इनॅमल. लॅकर म्हातारं होतं तेव्हा त्याला बारीक भेगांचं जाळं पडतं. गाडी जनरल मोटर्सची, वय पन्नाशीपलीकडचं आणि रंग काचेसारखा गुळगुळीत, तर रंग नवा.

यंत्राआधी डोळे वापरावेत. दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे, दाराच्या चौकटीत टेपची सरळ रेघ, मडगार्डाच्या बोल्टवर पान्याच्या खुणा. बोल्टचा रंग फुटलेला असेल तर मडगार्ड निघालं होतं. कारखान्याचे स्पॉट वेल्ड छोट्या गोल खळ्या असतात. तिथे फुगीर, घासून सपाट केलेले ठिपके दिसले तर पत्रा बदललाय.

थोडा रंग पुन्हा लागला असेल तर गाडी बाद?

नाही. पन्नास वर्षांत एक मडगार्ड रंगवलं गेलं तर ती गाडी जगली, एवढंच. मी तरी ‘एक दार सोडून बाकी मूळ’ असं स्पष्ट सांगणाऱ्या विक्रेत्यावर जास्त विश्वास ठेवतो. ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असं म्हणणारा माणूस एक तर बघत नाही किंवा सांगत नाही.

गंज किती चालेल?

वरवरचा, पत्र्याच्या जाडीत न उतरलेला गंज चालेल. आरपार भोकं चालणार नाहीत, कारण ती बुजवायची तर मूळ पत्रा कापावा लागतो. मिशिगनसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं. ॲरिझोना, न्यू मेक्सिको या कोरड्या भागांतल्या गाड्यांना म्हणून मागणी. पण तिथे उन्हाने डॅशबोर्ड तडकतो आणि सीटं कुजतात. व्हिनाइलचं छप्पर असेल तर मागच्या काचेची खालची कड सगळ्यांत आधी बघा, तिथे पाणी साचतं. डिकीचा तळ, मागच्या चाकांवरची खालची कड, शेव्हेलमध्ये मागच्या ॲक्सलवरची फ्रेम, मस्टँगमध्ये पुढच्या काचेखालची पोकळी आणि शॉक टॉवर. गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय पैसे बोलू नका.

मीटरवर फक्त २३,००० मैल आहेत. खरं मानावं?

या गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असतात, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. शिवाय मीटर मागे फिरवण्यावर संघीय बंदी आली १९७२ मध्ये. म्हणून आकडा सोडा, झीज वाचा: क्लचच्या आणि ब्रेकच्या पेडलांचं रबर, चालकाच्या बाजूच्या सीटची कड, दाराचा हात टेकायचा भाग, किल्लीचं छिद्र, दाराच्या कडीचा खिळा. हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. तेवीस हजार मैलांच्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं नसतं. आणि पेडल नवं पण दाराचं अस्तर झिजलेलं, तर पेडल बदललंय.

‘बार्न फाइंड’, म्हणजे कोठारात वर्षानुवर्षं पडून राहिलेली गाडी, म्हणून धुळीसकट विकतात त्यांचं काय?

धूळ पाच मिनिटांत उडवता येते, तशी टाकताही येते. मीठ आणि व्हिनेगर लावून गंज आणतात, नव्या रंगावर उन्हाचे डाग घासून काढतात. खरी झीज कारणाने होते: सूर्य वरून येतो, पाणी खाली साचतं, कोपर दारावर टेकतं. छपराखाली सावलीत रंग उडालेला आणि बॉनेट ताजं, असं दिसलं तर नाटक. धूळ न पुसताच विकायचा आग्रह असेल तर भाव निम्म्यापासून सुरू करा.

किंमत शेवटी कशावर ठरते?

सगळ्यांत आधी गाडी कोणती यावर, आणि हे अनेकांना आवडत नाही. सहा सिलिंडरची, चॉकलेटी रंगाची, सलग बाकाच्या सीटची, पूर्ण मूळ अवस्थेतली १९६९ ची शेव्हेल हेमीहून दुर्मिळ असू शकते, कारण ती कुणी जपलीच नाही. पण मागणी नाही, त्यामुळे पैसेही बेताचेच. मला अशा गाड्या मनापासून आवडतात. गुंतवणूक म्हणून घ्यायला मात्र मी कोणाला सांगणार नाही.

दुसऱ्या टोकाला १९६९ ची झेडएल१ कमॅरो. ॲल्युमिनियमचं ४२७ इंजिन, फक्त ६९ गाड्या, आणि एकट्या इंजिनाचा खर्चच चार हजार डॉलरच्या वर, त्यामुळे गाडी सात हजारांपुढे गेली. डीलरना त्या खपेनात. काही गाड्या परत पाठवून इतरांना वाटाव्या लागल्या. १९७१ च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबल जेमतेम अकरा बनल्या. त्यांतली एक २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली.

गाडी ठरली की मग मूळ इंजिन, मग कागद, मग मूळ रंग आणि पत्रा, मग आतलं. हा माझा क्रम आहे, आणि पहिल्या दोघांच्या जागा गाडीनुसार बदलतात: पॉन्टिॲकचा कागद सहज मिळतो म्हणून तो असण्याचं कौतुक कमी, शेव्हरोलेचा मिळत नाही म्हणून जास्त. भावांच्या पुस्तकांत एक ते चार असे दर्जे असतात, एक म्हणजे निर्दोष. सर्व्हायव्हर गाडी त्या पट्टीवर बसत नाही. दिसायला ती तिसऱ्या दर्जाची असते, विकली जाते दुसऱ्याच्या वर. म्हणून पुस्तकातला भाव सुरुवात समजा, आणि त्याच मॉडेलच्या न रंगवलेल्या गाड्या गेल्या दोन-तीन वर्षांत लिलावात कितीला गेल्या ते शोधा. २००६-०७ च्या सुमारास या बाजाराला फुगा आला होता आणि २००८ नंतर तो फुटला. त्या काळचे आकडे दाखवून कोणी भाव सांगत असेल तर हसून सोडून द्या.

माझ्याकडे अशी गाडी आली तर रंगवू का?

‘बुलिट’ सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची हिरवी मस्टँग एका कुटुंबाने १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली. रोजच्या वापरात ती ठेवली, १९८० च्या सुमारास ती बंद पडली आणि पुढे अनेक वर्षं तशीच राहिली. त्यांनी ती रंगवली नाही, कॅमेरे बसवण्यासाठी खाली जोडलेले धातूचे तुकडेही कापले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथल्या लिलावात ती ३७.४ लाख डॉलरला गेली. किंमत अर्थातच सिनेमाची. पण ती तीच गाडी आहे हे पटवायला त्या तुकड्यांचीही मदत झाली, आणि चांगल्या रिस्टोररने सगळ्यांत आधी तेच साफ केले असते.

माझा कल असा: मूळ रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर थांबा. धुवा, मेण लावा, गंज थांबवा, बदललेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. गाडी आधीच दोनदा रंगवलेली, पुट्टीने भरलेली असेल तर बिनधास्त रिस्टोर करा. तिथे जपण्यासारखं उरलेलं नाही.

ती चालवायची की झाकून ठेवायची?

चालवा. उभ्या गाडीचे सील सुकतात आणि टाकीत गंज धरतो. फक्त आधी पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदला, आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ते मऊ पडतात आणि गरम इंजिनावर गळतात. मूळ पॉलिग्लास टायर असतील तर ते काढून कोरड्या जागी ठेवा आणि रस्त्यावर नवे घाला. पन्नास वर्षांच्या टायरवर महामार्गावर जाणं हा नुसता हट्ट आहे.

विमा कसा घ्यावा?

ठरलेल्या किमतीचा, म्हणजे नुकसानीत किती मिळेल तो आकडा पॉलिसीवर आधीच लिहिलेला. साध्या पॉलिसीत तुमची गाडी फक्त ‘एक जुनी गाडी’ असते.

अशी गाडी महाराष्ट्रात नेऊन ठेवता येईल का?

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, आयात केलेलीही, व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. नेहमीच्या वापरासाठी आणि धंद्यासाठी ती चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात भरीव बदल केलेला नसावा अशीही अट आहे, म्हणजे मूळ अवस्थेतल्या गाडीला इथेही फायदाच. आयातीच्या अटी आणि सीमाशुल्क बदलत राहतं, तेव्हा जहाजावर चढवण्याआधी कस्टम एजंटकडून लेखी आकडा घ्या. गाडी मुंबईच्या दमट हवेत ठेवायची असेल तर बंद, कोरडं गॅरेज आधी बांधा.

गाडी बघायला जाताना सोबत काय न्यावं?

टॉर्च, भिंग, छोटा आरसा, रंगाची जाडी मोजणारं यंत्र, मऊ कापडात गुंडाळलेलं चुंबक आणि जुना शर्ट. नंबर आधी फोनवर मागून घ्या, नोंदी मागवा, कागद हातात आल्यावरच निघा. थंड इंजिन बघायला मिळेल अशा वेळी जा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर ते सुरू व्हायला किती कुरकुरतं हे तुम्हाला कळणार नाही. आणि त्या मॉडेलचा जाणकार माणूस मिळाला तर त्याच्या दिवसाचे पैसे द्या. कमॅरोवाला कमॅरोसाठी, क्रायस्लरवाला क्रायस्लरसाठी. ‘मला सगळ्याच गाड्यांतलं कळतं’ म्हणणारा नको.